आजींचा प्रश्न राहून गेला, तिथूनच सुरुवात करा

ताई, नमस्कार.
आमचं बागप्रेमींचं छोटं मंडळ आहे. सभासद 60, महिन्याच्या सभेला 35-40 जण यायचे. या वर्षी कार्यक्रमांची जबाबदारी माझ्याकडे आली. दर महिन्याला एक पाहुणा वक्ता, ही आमची जुनी पद्धत. पण गेल्या काही सभांनी मी पार खचले आहे. एका वक्त्यांनी आदल्या रात्री ‘जमत नाही’ म्हणून कळवलं. दुसऱ्यांनी अर्धा वेळ स्वतःच्या कंपनीची खतं विकण्यात घालवला. गेल्या महिन्यात एक मोठे तज्ज्ञ आले, विषय होता ‘बागकाम : एक दृष्टिकोन’. ते सव्वादोन तास बोलले. शेवटी सभागृहात 11 जण उरले होते. आमच्या एक आजी आहेत, ऐंशीच्या घरातल्या. त्या सगळा वेळ बसून राहिल्या. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की कुंडीच्या तळाशी खडी घालूनही पाणी साचून झाड का मरतं. प्रश्नांना वेळच उरला नाही आणि त्या काही न बोलता निघून गेल्या. मला रात्रभर चैन पडली नाही.
आता कार्यकारिणीतले काहीजण म्हणतात, वक्ते बंद करा, नुसती रोपांची देवाणघेवाण ठेवा. मंडळ ज्यांनी उभं केलं त्या आमच्या अध्यक्षांना हे अजिबात मान्य नाही. मी काय करू?
– एक कार्यक्रम चिटणीस

सप्रेम नमस्कार.

वक्ते बंद करू नका. पण दर महिन्याला वक्ता हवाच, हा आग्रह मात्र सोडा. मीही बरीच वर्षं अशाच एका मंडळाचे कार्यक्रम पाहिले आहेत. बारा महिने बारा वक्ते गाठायचे म्हटलं की चौथ्या-पाचव्या महिन्यापासून आपण ‘कोण मिळेल’ एवढंच बघायला लागतो, ‘कोण हवंय’ हा विचार मागे पडतो. तुमच्या त्या तीन सभा याच घाईतून घडल्या असाव्यात असं मला वाटतं. त्यात तुमचा दोष नाही. पद्धतच अशी आहे, की ती माणसाला दमवते.

तुमच्या पत्रात मला सगळ्यांत मोलाच्या वाटल्या त्या आजी. सव्वादोन तास एक प्रश्न मनात धरून बसणारा माणूस कुठल्याही मंडळाला भाग्यानं मिळतो. म्हणून आधी त्यांच्या प्रश्नाबद्दल बोलते. चांगला कार्यक्रम कसा असतो, हे त्यातूनच तुम्हाला दिसेल.

भांडी घासायचा नवा, जाडसर, लांबट स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. थोडं पाणी गळेल, मग गळणं थांबेल. आता तोच स्पंज, न दाबता, उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. कुंडीतही हेच होतं. पाणी घातल्यावर जास्तीचं पाणी खालच्या भोकातून निघून जातं, पण तळाशी एक थर चिंब भिजलेलाच राहतो. तो किती जाड असेल हे माती किती बारीक आहे त्यावर ठरतं, कुंडी किती खोल आहे त्यावर नाही. म्हणून उथळ कुंडीत मुळांच्या वाट्याला चिखल जास्त येतो आणि खोल कुंडीत कमी.

आता तळाशी खडी घातली तर काय होतं? बारीक मातीतलं पाणी खडीतल्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती अगदी तुडुंब होईपर्यंत ते मातीतच अडून राहतं. म्हणजे चिंब थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांना मिळणारी चांगली जागा तेवढी कमी होते. आजींनी खडी घातली ती झाडाच्या भल्यासाठीच, सगळे घालतात म्हणून घातली. त्यांना सांगायचं ते असं : खडी काढा. वरपासून खालपर्यंत एकच भुसभुशीत, जरा भरड मिश्रण भरा. भोकावर माती वाहून जाणार नाही एवढाच जाळीचा तुकडा किंवा खापरीचा तुकडा ठेवा. कुंडी जमिनीपासून बोटभर उचलून ठेवा आणि खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका.

हे सगळं दाखवायला किती वेळ लागतो? स्पंजासकट दहा मिनिटं. सभेला आलेला प्रत्येक जण घरी जाऊन स्पंज भिजवून बघेल आणि शेजाऱ्यालाही दाखवेल. ‘एक दृष्टिकोन’ ऐकून घरी गेलेल्या माणसानं कुठली कुंडी हलवली असेल, असं मला वाटत नाही.

तेव्हा पुढच्या दोन सभांना दारातच प्रत्येकाच्या हातात एक कोरी चिठ्ठी द्या. वर एवढंच लिहा : ‘माझ्या बागेत सध्या मला न सुटलेली एक गोष्ट.’ नाव लिहायची सक्ती नको. बऱ्याच जणांना आपलं अज्ञान चारचौघांत उघडं करायला संकोच वाटतो, विशेषतः जे वीस-वीस वर्षं बाग करतायत त्यांना. चिठ्ठ्या घरी नेऊन टेबलावर पसरा. त्यांचे गठ्ठे आपोआप पडतील : पाणी आणि माती, कीड, फुलं-फळं न धरणं, छाटणी, कमी ऊन. जो गठ्ठा सगळ्यांत जाड तो पहिला विषय. आणि विषयाचं नावही चिठ्ठीतल्याच भाषेत ठेवा. ‘मृदा-आरोग्य व्यवस्थापन’ असं छापलंत तर दहा जण येतील. ‘कुंडीतली माती दोन वर्षांत दगडासारखी का होते?’ असं छापलंत तर ज्यांच्या कुंडीत ते झालंय ते सगळे येतील, आणि ते बहुतेक सगळेच असतात.

प्रश्न ठरला की मग माणूस शोधा. आणि इथे माझं मत जरा ठाम आहे : पदवीपेक्षा हात बघा. पदवीधर नको असं मी म्हणत नाही. मातीवर, किडींवर अभ्यास केलेला माणूस सोप्या भाषेत बोलणारा मिळाला तर त्याच्यासारखं सुख नाही. पण रोपवाटिकेत रोज शे-दीडशे डोळे भरणारा, म्हणजे एका झाडाची कळी दुसऱ्याच्या सालीत बसवून कलम करणारा कामगार, जुन्या झाडांच्या फांद्या दोरावर चढून उतरवणारा माणूस, गच्चीवर बारा महिने भाजी काढणारी तुमचीच एखादी सभासद, यांना आपण वक्ता म्हणून मोजतच नाही. कलम करणारा माणूस कदाचित पाच वाक्यंही धड बोलणार नाही. पण तो फांदीची साल किंचित खरवडून आतला हिरवा, ओलसर थर दाखवेल. दोन्ही काड्यांचा हा थर निदान एका बाजूनं तरी एकमेकांना भिडला पाहिजे, नाहीतर कलम कोरडं पडतं, हे त्याच्या चाकूच्या एका फिरवण्यात कळतं. अशा माणसासोबत बोलायला एक सभासद बसवा. त्यानं विचारत जायचं, कारागिरानं हात चालवत उत्तर द्यायचं. भाषणाचं दडपण उतरतं आणि माणूस खुलतो. आम्ही असं केलं तेव्हा मागच्या रांगेतले लोक उठून टेबलाभोवती येऊन उभे राहिले होते.

याच संदर्भात मला एक जुनी हकिकत फार आवडते. 1804 सालच्या मार्चमध्ये लंडनच्या पिकाडिली रस्त्यावरच्या हॅचर्ड्स या पुस्तकांच्या दुकानात 7 जण जमले आणि त्यांनी बागकामाची एक संस्था सुरू केली. तीच आजची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी. कल्पना होती जॉन वेजवुड यांची. सभासदांनी एकत्र यायचं आणि आपापले प्रयोग एकमेकांना वाचून दाखवायचे, हा त्यामागचा एक मोठा हेतू. हे वेजवुड म्हणजे चार्ल्स डार्विनचे मामा. डार्विनचे दुसरे मामा जोसाया, जे पुढे त्याचे सासरेही झाले, त्यांनी भाच्याला आपल्या शेतातली एक जागा दाखवली. काही वर्षांपूर्वी तिथे वर पसरलेला चुना आणि राख आता गवताखाली काही इंच खोल गेली होती. हे गांडुळांचं काम असावं, असा अंदाज मामांचाच. डार्विननं त्यावर 1837 साली लंडनच्या भूगर्भशास्त्राच्या संस्थेत निबंध वाचला. पण तो तिथे थांबला नाही. 1842 मध्ये त्यानं घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरले आणि 1871 मध्ये तिथे चर खणला. 29 वर्षांत तो थर सुमारे 7 इंच खाली गेला होता. गांडुळांवरचं त्याचं पुस्तक आलं 1881 साली.

तुम्हाला हे सांगायचं कारण असं, की ही सगळी गोष्ट एका माणसानं दुसऱ्याला आपल्या शेतातली एक जागा दाखवण्यापासून सुरू झाली. आणि निबंध वाचून झाल्यावर पुढे काय झालं, हे कुणीतरी खणून बघितलं. आपल्या मंडळांत नेमकं हेच राहून जातं. वक्ता बोलतो, टाळ्या होतात, पुढच्या महिन्यात नवा वक्ता. मागच्यानं सांगितलेलं कुणी करून पाहिलं का, जमलं का, फसलं का, हे कुणी विचारत नाही.

म्हणून वर्षाची मांडणी मी अशी करीन. बाहेरचे वक्ते वर्षात 5, फार तर 6. त्यांच्यामधला प्रत्येक महिना सभासदांचा. मागच्या वक्त्यांनी जे सांगितलं ते ज्यांनी करून पाहिलं, त्यांनी कुंडी, फांदी, फोटो जे असेल ते घेऊन यायचं. फसलेला प्रयोग आणणाऱ्याला आधी बोलू द्या. रोपांची देवाणघेवाणही याच महिन्यांत ठेवा, म्हणजे कार्यकारिणीतल्या त्या मंडळींचंही म्हणणं राखलं जाईल. फक्त एक पथ्य पाळा : देवाणघेवाणीची रोपं दारात एका माणसानं पानांच्या मागून आणि देठाच्या बेचक्यातून तपासूनच आत घ्यावीत. पिठ्या ढेकूण एका घरातून चाळीस घरांत जायला एक सभा पुरते. नवं रोप घरी नेल्यावरही दोन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवायला सांगा.

विषय ठरवताना कामाच्या आधीचा महिना धरा. छाटणीचं व्याख्यान छाटणी उरकल्यावर ठेवलं तर लोक ऐकतात आणि वर्षभरात विसरतात. छाटणीच्या तीन आठवडे आधी ठेवलं तर घरी जाताना सिकेटरला, म्हणजे छाटणीच्या कात्रीला, धार लावून घेतात.

वक्त्यांना पत्र कसं लिहायचं, यावर बहुतेक गोष्टी अवलंबून असतात. फोनवर ‘या, काहीही बोला, आमच्या लोकांना सगळं आवडतं’ असं आपण सौजन्यानं म्हणतो, आणि मग सव्वादोन तास होतात. तज्ज्ञांचाही त्यात फार दोष नसतो. समोर कोण बसलंय हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. फोन जरूर करा, पण मागोमाग लेखी पाठवा. साधारण असं :

‘आमचे 35 ते 40 सभासद येतील. निम्म्याहून अधिक जणांकडे फक्त कुंड्या आहेत, जमीन नाही. बहुतेकांना पाणी घालणं, खत घालणं नीट येतं; पानांवरची कीड ओळखता येत नाही. आम्हाला तुमच्याकडून या एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे : औषध मारूनही लाल कोळी परत का येतो? बोलण्यासाठी 40 मिनिटं आणि प्रश्नांसाठी 30 मिनिटं ठेवली आहेत. सभासदांनी पाठवलेले पानांचे फोटो सोबत जोडत आहे. शक्य असेल तर काहीतरी प्रत्यक्ष दाखवावं, ही विनंती.’

मानधन किती, प्रवासखर्च कोण देणार, माइक आणि पडदा आहे की नाही, हेही त्यातच. मानधनाची रक्कम लहान असली तरी आधी सांगा आणि पाकीट कार्यक्रमापूर्वी हातात द्या. सभा संपल्यावर दारात घुटमळायची वेळ पाहुण्यांवर येऊ नये. जे स्वतःहून मानधन नको म्हणतात, त्यांनाही प्रवासाचा खर्च विचारा.

40 मिनिटं कमी वाटतील असं अध्यक्ष म्हणतील. विजेवरच्या शोधांसाठी पुढे नावाजलेला शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे 21 वर्षांचा होता, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नुकताच मदतनीस म्हणून लागला होता, तेव्हा 1813 साली त्यानं एका मित्राला व्याख्यानं कशी असावीत यावर लांबलचक पत्रं लिहिली. एक तास कुणालाही पुरेसा आहे, त्यापलीकडे जाऊ देऊ नये, असं त्यात त्यानं लिहून ठेवलं आहे. पुढे त्याच संस्थेत मुलांसाठी नाताळातली व्याख्यानं 1825 पासून सुरू झाली आणि फॅरडेनं तिथे एका साध्या मेणबत्तीवर अख्खी व्याख्यानमाला दिली. समोर मेणबत्ती जळते आहे आणि माणूस तिच्याबद्दल बोलतो आहे. तुमच्या वक्त्यांनाही हेच सुचवा : स्लाइड कमी, वस्तू जास्त. लाल कोळ्याचंच घ्या. पांढऱ्या कागदावर पान झटकायचं आणि भिंगातून बघायचं. धुळीचे कण वाटतात त्यातले काही चालायला लागतात. ते दृश्य कुणी विसरत नाही. मातीचा विषय असेल तर सभेच्या सुरुवातीलाच एका पारदर्शक बरणीत तिसरा हिस्सा माती आणि वर पाणी घालून खूप हलवायचं आणि टेबलावर ठेवून द्यायचं. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, गाळवट माती एक-दोन तासांत, आणि चिकणमातीला दिवस, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. व्याख्यान संपेपर्यंत बरणीच अर्धं उत्तर देते.

वेळ संपली तरी वक्ते थांबत नाहीत, तेव्हा काय? हे काम सभेत अचानक करायला गेलात तर अवघड जातं. आधीच ठरवून घ्या. व्याख्यान सुरू होण्यापूर्वी वक्त्यांना नम्रपणे सांगा, ‘30 मिनिटं झाली की मी पहिल्या रांगेत उभी राहीन, 40 झाली की तुमच्या शेजारी येईन.’ आणि मग खरोखरच उभ्या राहा. शेजारी गेल्यावर वाक्य पूर्ण होऊ द्या आणि म्हणा, ‘इथे थांबूया, कारण लोकांचे प्रश्न खूप आहेत, आणि तुमची उत्तरं त्यांना हवी आहेत.’ यात अपमान काहीच नाही. प्रश्न विचारणाऱ्यांचं रक्षण करणं हेच तुमचं काम आहे. पहिल्यांदा पाय जड होतील. दुसऱ्यांदा होणार नाहीत, कारण पहिल्या वेळी सभा संपल्यावर चार-सहा जण येऊन तुमचे हात हातात घेतील.

आपल्या बाजूचा वेळही बघा. स्वागत, प्रास्ताविक, परिचय, मंडळाचा इतिहास, आभार, हे सगळं मिळून अनेकदा अर्धा तास खातं, आणि तो वेळ प्रश्नांतूनच वजा होतो. परिचय तीन वाक्यांचा असावा : या कोण, हे काम किती वर्षं करतात, आज आपल्याला कशाचं उत्तर देणार आहेत. सूचना शेवटी द्या, किंवा लिहून दारावर लावा.

खतं विकणाऱ्यांबद्दल मी जरा कडक आहे. व्यापार करणं वाईट नाही. काही विक्रेत्यांना खरोखर खूप माहिती असते. पण व्यासपीठावरून मालाचं नाव घ्यायचं नाही, हा नियम पत्रातच घाला. त्यांना हवं असेल तर सभा संपल्यावर बाहेर टेबल लावू द्या. आणि अशा वक्त्यांना विषयच असा द्या, की शिकवल्याशिवाय सुटका नाही : खताच्या पिशवीवरचे तीन आकडे काय सांगतात? 19:19:19 म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांचं वजनातलं टक्केवारीचं प्रमाण. स्फुरद आणि पालाश हे ऑक्साइडच्या रूपात मोजलेले असतात. हे एकदा कळलं की सभासद कुठल्याही दुकानात जाऊन स्वतः निवड करू शकतात.

औषधांच्या बाबतीत त्याहून सावध राहा. एखाद्या वक्त्यानं शेतीसाठीचं कीटकनाशक घरातल्या कुंडीसाठी ‘चमचाभर टाका’ असं सांगितलं तर सूत्रसंचालकानं तिथल्या तिथे म्हणायला हवं, की वेष्टनावर ज्या झाडासाठी आणि ज्या प्रमाणात लिहिलंय त्यापलीकडे आपण काही वापरायचं नाही. वक्ते नाराज झाले तरी चालेल. घरात लहान मुलं असतात, वृद्ध असतात.

ऐनवेळी वक्ते आले नाहीत, तर सभा रद्द करू नका. तुमच्या कपाटात एक राखीव कार्यक्रम कायम तयार असू द्या. माझा आवडता बियांचा : प्रत्येकाच्या घरात जुनी, तारीख उलटलेली बी असतेच. ओलसर कागदात 10 बिया मांडायच्या, गुंडाळी करून पिशवीत ठेवायची आणि घरी न्यायची. त्या बीला लागतात तेवढे दिवस, बहुतेक भाज्यांना आठवडा ते दहा दिवस, वाट बघायची. 7 उगवल्या तर 70 टक्के. पुढच्या सभेला प्रत्येक जण आपला आकडा घेऊन येतो. स्पंज आणि बरणी हेही राखीव साठ्यातच ठेवा.

आता प्रश्नांचा अर्धा तास. तो नुसता मोकळा सोडला तर दोन बोलकी माणसं तो संपवतात आणि आजी पुन्हा राहतात. म्हणून चिठ्ठ्या. पहिले पाच प्रश्न चिठ्ठ्यांतले, तुम्ही वाचायचे. मग हात वर करणारे, आणि त्यात पूर्वी कधीच न बोललेला माणूस आधी. रोगट पान आणायला सांगताना तीन गोष्टी सांगा : बंद पारदर्शक पिशवीत आणा, एकटं पान न आणता जुनी-नवी पानं असलेली डहाळी आणा, आणि अख्ख्या झाडाचा एक फोटो आणा. ‘पानं पिवळी पडतात’ एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्राची उणीव असू शकते, कारण झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्यांना देतं. नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या राहत असतील तर लोहाचा विचार करावा लागतो, कारण लोह झाडाला तसं हलवता येत नाही. आणि दोन्हीकडे आधी पाणी आणि मुळं बघायची. ‘जुनी की नवी?’ हा एक प्रश्न सभासदांच्या तोंडी बसला, तरी तुमच्या मंडळात निम्मं काम झालं असं समजा.

राहिले अध्यक्ष. त्यांच्याशी कार्यकारिणीच्या बैठकीत वाद घालू नका. त्यांच्या घरी जा, निवांत बसा आणि विचारा, मंडळ सुरू झालं तेव्हा पहिल्या काही सभा कशा असायच्या? मला जवळजवळ खात्री आहे, की ते कुणाच्या तरी अंगणाची, गच्चीची आठवण सांगतील. पाचदहा जण एका झाडाभोवती उभे आहेत, अशी. वक्त्यांची परंपरा त्यांना प्रिय आहे, कारण तिच्यामुळे मंडळाला मान मिळाला असं त्यांना वाटतं, आणि ते खरंही असेल. त्यांना सांगा, वक्ते बंद होत नाहीयेत, उलट वक्त्यांनी सांगितलेलं आता वाया जाणार नाही. आणि एक काम त्यांच्यावर सोपवा : प्रत्येक सभेच्या सुरुवातीची 10 मिनिटं, ‘मागच्या वेळचं कुणी करून पाहिलं?’ हे विचारणं. मंडळ उभं करणाऱ्या माणसानं प्रत्येक सभासदाला नावानं हाक मारून त्याच्या झाडाची चौकशी करायची, याहून मोठा मान कुठला? तो वेळ त्यांचा, त्यामुळे प्रास्ताविकही आपोआप आटोपशीर होईल.

आणि पुढच्या सभेची वाट न बघता या आठवड्यातच आजींकडे जा. सोबत स्पंज न्या. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या नळाखाली तो भिजवा, आधी आडवा धरा, मग उभा, आणि त्यांना बघू द्या. नंतर दोघी मिळून एक कुंडी रिकामी करा, खडी बाजूला काढा, मुळं किती उरलीत ते बघा, आणि झाड नव्या मिश्रणात लावा. दुसरी एक कुंडी खडीसकट तशीच राहू द्या. शेजारी शेजारी ठेवा, सारखंच पाणी घाला. दोन महिन्यांनी आजींना त्या दोन्ही कुंड्या सभेला आणायला सांगा, उचलून आणायला कुणीतरी तरुण सभासद पाठवा, आणि त्या दिवसाच्या सूचनापत्रकावर वक्त्यांच्या जागी त्यांचं नाव छापा. कुठल्या कुंडीत काय निघालं, ते मला नक्की कळवा.